चादरीआडचं थेट प्रक्षेपण

हेमराज दोनाडकरांचं नाव आजवर एकदाही पत्रिकेच्या वरच्या अर्ध्या भागात छापून आलं नव्हतं, आणि हे दुःख त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. ब्रह्मपुरीहून वडशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात दिवाळी आटोपली की मंडई म्हणजे गावजत्रा भरते, नाटक होतं आणि नाटकाआधी नाटकाचं उद्घाटन होतं. हे उद्घाटन काय चीज आहे ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला एक उद्घाटक लागतो, दोन सहउद्घाटक लागतात, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, सहदीपप्रज्वलक, विशेष अतिथी आणि यांत कुठंच न बसलेल्यांची समजूत काढायला ‘प्रमुख उपस्थिती’. प्रत्येकाला हार, प्रत्येकाला दोन शब्द. ते दोन शब्द संपेस्तोवर नाटकातल्या खलनायकाची मिशी घामानं सुटून हातात येते.

शाळेत एकतीस वर्षं कारकुनी केलेले हेमराजभाऊ वर्गणी गोळा करायला सगळ्यांच्या पुढे, खुर्च्या मांडायला सगळ्यांच्या पुढे आणि पत्रिकेत मात्र तळाशी, ‘विनीत’च्या यादीत. तिथंही जागा संपली की त्यांची गणती ‘व इतर’मध्ये होई. एका वर्षी त्यांना सहदीपप्रज्वलक केलं होतं. पण मुख्य दीपप्रज्वलकानंच उत्साहाच्या भरात पाचही वाती पेटवून टाकल्या आणि हेमराजभाऊ हातात पेटती मेणबत्ती घेऊन फोटो निघेपर्यंत नुसते उभे राहिले.

असा हा माणूस. त्यांच्या पोरीला, दिव्यानीला, सुवर्णपदक मिळालं.

दिव्यानी पुण्याकडच्या एका विद्यापीठात धानाच्या रोगांवर एम.एस्सी. करत होती. पहिली आली. फोनवर तिनं सांगितलं, “बाबा, एकवीस तारखेले दीक्षांत समारंभ हाय. तुमच्यासाठी अन् आईसाठी दोन खुर्च्या राखून ठेवल्या हायेत. तुमी याच.”

कमळाबाईंनी त्याच दुपारी पेटीतलं जांभळं लुगडं काढून उन्हात टाकलं. आयुष्यात त्या नागपूरच्या पुढं गेल्या नव्हत्या, आणि पोरीच्या गळ्यात पदक पडताना आपण तिथं असणार या विचारानं त्यांना दोन दिवस जेवणही सुचेना. तिसऱ्या दिवशी हेमराजभाऊंनी निर्णय जाहीर केला, “आपण जाऊन नाई राह्यलो.”

“काऊन?”

“आता काऊन म्हणते. तिथी हजार माणसं असतीन. आपल्याले मागं कुठीतरी बसवतीन, पोरगी मुंगीएवढी दिसन. तो कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवून राह्यले. इथी घरी चाळीस इंचात पाहू. अख्ख्या गावाले दाखवू.”

खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. तिथं गेले असते तर ते हजारातले एक, म्हणजे पुन्हा ‘व इतर’. इथं, आपल्या बैठकीत, ते कोणीतरी असणार होते.

“पण आपला टीव्ही तं साधा हाय,” कमळाबाई म्हणाल्या. “पोरगी म्हणे, एवढीशी काडी भेटते, टीव्हीच्या मागं लावाची, सगळं दिसते.”

“काडीनं चूल पेटते,” हेमराजभाऊ म्हणाले. “आपण यंत्र बनवू.”

यंत्र म्हणजे शाळेचा संगणक. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं हेमराजभाऊंना शाल, श्रीफळ आणि भंगारात काढलेला एक संगणक देऊन निरोप दिला होता. शाल कमळाबाईंनी वापरायला घेतली, श्रीफळाची चटणी झाली आणि संगणक तांदळाच्या कोठीमागं चार वर्षं पडून होता. तो हेमराजभाऊंनी ओट्यावर आणून उघडला, तर आत पालीची दोन अंडी आणि पोतंभर धूळ. रंगाच्या ब्रशनं त्यांनी पंखा साफ केला. मोबाइलवर एकेक व्हिडिओ बघून, थांबवून, मागं नेऊन, त्यांनी जुनी हार्ड डिस्क काढली, नवी बसवली, रॅम वाढवली, विंडोज काढून फुकटातलं हलकं लिनक्स टाकलं. संगणकाला टीव्हीची वायर बसेना तेव्हा शेजारचे नागसेन मेश्राम, जे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, ते ब्रह्मपुरीहून मधला जोड घेऊन आले. आवाज येईना तेव्हा नाटकाच्या रेकॉर्ड डान्सचे जुने स्पीकर आणून लावले. आणि सातव्या दिवशी, देवाची करणी, टीव्हीवर चित्र आलं. पंखा राइस मिलसारखा घरघरत होता, पण चित्र आलं, स्वच्छ आलं, आणि वायर नसलेला कीबोर्ड मांडीवर घेऊन हेमराजभाऊ दिवाणावर मांडी ठोकून बसले. इथपर्यंत त्यांचं कौतुक केलंच पाहिजे. साठी ओलांडलेल्या माणसानं एवढं करणं ही काही चेष्टा नाही. त्यांनी तिथंच थांबायचं होतं.

पण यंत्र तयार झालं म्हणजे यंत्राचं उद्घाटन आलं.

“नागसेन, उद्घाटक म्हणून लटारूभाऊ कसे वाटतात तुले?” हेमराजभाऊंनी विचारलं. लटारूभाऊ म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. पंचक्रोशीतला एकही गोठा, विहीर की सलूनचं दुकान त्यांच्या कात्रीशिवाय सुरू झालेलं नव्हतं.

“टीव्हीचं उद्घाटन?” नागसेन म्हणाले. “बटन दाबा ना भाऊ. पोरीचा कार्यक्रम हाय, तुमचा नाई.”

“पद्धत असते,” हेमराजभाऊ म्हणाले, आणि रात्रीतून मोबाइलवर पत्रिका तयार झाली. उद्घाटक लटारूभाऊ. सहउद्घाटक दूध डेअरीचे अध्यक्ष. अध्यक्ष पोलीस पाटील. तंटामुक्तीच्या अध्यक्षांनी आपलं नाव पोलीस पाटलांच्या खाली का, म्हणून तंटा केला, तेव्हा दोघांची नावं आडवी, एका ओळीत घेतली. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, स्वागताध्यक्ष, श्री. हेमराज दोनाडकर. खाली कुठंतरी ‘कु. दिव्यानीच्या सुवर्णपदकानिमित्त’ असंही होतं. कमळाबाईंचं नाव नव्हतं. त्यांच्याकडं चहा होता.

एकवीस तारखेला सकाळी दहालाच तीसेक माणसांनी बैठक भरली. खुर्च्या शाळेतून आणल्या होत्या. टीव्हीवर दिवाणाची नवी फुलाफुलांची चादर टाकली होती आणि शोकेसपासून खिडकीपर्यंत लाल फीत बांधली होती. आत, चादरीमागं, यंत्र चालू होतं. ऐन वेळी घोळ नको म्हणून हेमराजभाऊंनी कार्यक्रम आधीच लावून ठेवला होता.

दिव्यानीचा सकाळीच फोन येऊन गेला होता. “आई, अकराले सुरू होईन. पदकं साडेअकराच्या नंतर. माहा नंबर सातवा हाय. पाह्यजो.”

“पाहीन ना बाई,” कमळाबाई म्हणाल्या होत्या. “दुसरं काय काम हाय मले?” आणि जांभळं लुगडं नेसून त्या चहाला लागल्या होत्या.

साडेदहाला उद्घाटन ठेवलं होतं. लटारूभाऊ आले अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी, एका शेततळ्याचं उद्घाटन उरकून. तोवर चादरीमागून मिरवणुकीच्या सनईचा आवाज येऊ लागला होता.

“सुरू झालं जी तिकडं,” कमळाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “अवो, काढा ना ते चादर.”

“हार तं होऊ दे,” हेमराजभाऊ म्हणाले.

हार झाले. नऊ हार. हेमराजभाऊंनी प्रास्ताविक केलं. त्यात यंत्राच्या रॅमपासून पालीच्या अंड्यांपर्यंत सगळं आलं. मग सहउद्घाटक उठले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि चादरीमागून कोणीतरी इंग्रजीत बोललं. सगळे हसले. सहउद्घाटकांना ते हसू बरं वाटलं नाही.

“हेमराजभाऊ, तो आवाज बंद करा ना. मी बोलू, का तो बोलन?”

हेमराजभाऊंनी कीबोर्डवरचं बटण दाबून आवाज बंद केला. मग सहउद्घाटकांनी मोबाइल आणि टीव्हीमुळं तरुण पिढी कशी वाया गेली यावर बारा मिनिटं खाल्ली. ज्या वस्तूच्या उद्घाटनाला आलो तिलाच शिव्या घालून ते टाळ्या घेऊन बसले. पोलीस पाटील आणि तंटामुक्ती अध्यक्ष एका ओळीत छापले होते म्हणून एकापाठोपाठ एक तेवढाच वेळ बोलले. एक घड्याळाकडं बघत होता, दुसरा पहिल्याकडं.

कमळाबाई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. चहा केव्हाच वाटून झाला होता, तरी त्या हलल्या नाहीत. चादर पातळ होती. मागचा उजेड तिच्यातून झिरपत होता, कधी पिवळा, कधी निळा. काहीतरी काळं पुढं यायचं, थोडं थांबायचं आणि निघून जायचं. कमळाबाईंनी ते मोजायला सुरुवात केली. एक. दोन. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. हेमराजभाऊंनी हाताच्या पंजानं थोडं थांब असं खुणावलं आणि लटारूभाऊंना दोन शब्दांची विनंती केली.

लटारूभाऊ बोलायला उभे राहिले तो विषय ‘मुलींचं शिक्षण’. तो त्यांचा हातखंडा विषय होता.

“आज आपली लेक शिकून राह्यली,” ते म्हणाले. “लेकीले कमी लेखू नका. लेकीचं कौतुक करा. आता हेमराजची हे कन्या पाहा. तिचं नाव... तिचं नाव काय हाय बे?”

“दिव्यानी,” नागसेन म्हणाले. “अन् तिचं पदक होऊन राह्यलं त्या चादरीच्या मागं. भाऊ, आवरा.”

“तेच म्हणून राह्यलो ना मी,” लटारूभाऊ म्हणाले आणि आणखी पंधरा मिनिटं तेच म्हणत राहिले.

पाच, सहा. सातवी काळी सावली चादरीवर आली तेव्हा कमळाबाईंनी ट्रे खाली ठेवला. ती सावली बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ थांबली. कमळाबाई दोन पावलं पुढं आल्या. पण मधे मानाच्या नऊ खुर्च्या होत्या, नऊ पाहुणे होते, ताणलेली फीत होती, आणि आयुष्यभर चालत्या भाषणात उठून पुढं जायचं नाही एवढंच त्या शिकल्या होत्या. सावली गेली. हेमराजभाऊंनाही ते दिसलं. पण त्यांनी मनाची समजूत घातली की आपल्या यंत्रावर मागं जाता येतं, बिघडलं काय?

शेवटी कात्री मागितली गेली. कात्री नव्हती. धानाच्या पोत्यांची शिवण कापायची एक गंजकी कात्री कोठीतून निघाली, तिनं फीत कापली जाईना, तेव्हा लटारूभाऊंनी फीतच चावल्यासारखी कुरतडून तोडली. टाळ्या झाल्या. चादर ओढली गेली, आवाज सुरू झाला, आणि चाळीस इंचात, स्वच्छ, झळझळीत, एक भलंमोठं सभागृह उभं राहून राष्ट्रगीत म्हणत होतं.

बैठकीतले सगळे ताडकन उभे राहिले. कोणाला हलता येईना. लटारूभाऊ कात्री छातीशी धरून सावधान उभे होते. राष्ट्रगीत संपलं, सभागृहातले लोक दाराकडं वळले आणि पडदा काळा झाला. त्यावर अक्षरं आली की थेट प्रक्षेपण संपलं आहे.

“झालं?” डेअरीचे अध्यक्ष म्हणाले. “मस्त झाला कार्यक्रम.”

“थांबा, थांबा!” हेमराजभाऊ कीबोर्ड घेऊन पुढं झाले. “साध्या टीव्हीवर गेलं ते गेलं. आपल्या यंत्रावर मागं जाता येते. हेच तं पाह्याचं हाय तुमाले.” त्यांचा आवाज जरा चढला होता. कमळाबाईंकडं बघायचं ते टाळत होते.

यंत्र घरघरलं, गोल चक्र फिरलं, आणि खरंच कार्यक्रम मागं गेला. मंच दिसला. काळा झगा घातलेला एक मुलगा पदक घेऊन उभा होता आणि त्याच्या बाजूला धोतरातला एक म्हातारा आणि डोक्यावर पदर घेतलेली एक बाई.

“हे डोकरे कोण व्हय?” लटारूभाऊंनी विचारलं.

“त्या पोराचे मायबाप असतीन,” नागसेन हळूच म्हणाले.

हेमराजभाऊंचा हात थांबला. त्यांनी आणखी थोडं मागं नेलं. समारंभाच्या प्रमुख पाहुण्या, एक पांढऱ्या केसांच्या बाई, माइकजवळ येऊन सांगत होत्या की हे पत्रिकेत नाही, पण ही पदकं एकट्या पोरांची नाहीत, तर प्रत्येकाच्या आईवडिलांना वर बोलवा, पदक त्यांच्याच हातून गळ्यात घातलं जाईल. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिलीचे आईवडील चढले. दुसऱ्याची आई एकटीच आली, चप्पल पायरीशी काढून.

हेमराजभाऊंना यंत्र बंद करावंसं वाटलं. बटण बोटाखालीच होतं. पण तीस माणसं बघत होती, आणि दारात कमळाबाई उभ्या होत्या.

सातवा नंबर आला. दिव्यानी मंचावर आली. काळ्या झग्यात ती उंच दिसत होती, केस नीट बांधले होते, हेमराजभाऊंना वाटलं त्याहून कितीतरी मोठी दिसत होती. निवेदिकेनं वाचलं, “दिव्यानी हेमराज दोनाडकर. आई, श्रीमती कमळा. वडील, श्री. हेमराज दोनाडकर. कृपया मंचावर यावे.”

कॅमेरा वळला. पहिल्या रांगांमधून फिरला आणि दोन रिकाम्या खुर्च्यांवर येऊन थांबला. दोन्हीवर नावांचे कागद चिकटवले होते.

“श्री. हेमराज दोनाडकर आणि श्रीमती कमळा,” निवेदिकेनं पुन्हा पुकारलं. “कुठे असतील तिथून मंचावर यावे.”

स्वयंपाकघराच्या दारात कमळाबाईंनी पदर सारखा केला आणि एक पाऊल उचललं. मग त्यांच्या लक्षात आलं. पाऊल तिथंच राहिलं.

पडद्यावर दिव्यानीनं मान हलवली. नाही. पांढऱ्या केसांच्या बाईंनी तिला काहीतरी विचारलं, तिनं पुन्हा मान हलवली आणि हसायचा प्रयत्न केला. बाईंनी पदक स्वतःच तिच्या गळ्यात घातलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती एकटीच पायऱ्या उतरून गेली. त्या सोळा-सतरा सेकंदांत हेमराजभाऊंना आपल्या नावाची इतकी लाज वाटली की ते नाव दुसऱ्या कोणाचं असतं तर बरं, असं झालं. एवढी वर्षं ज्यासाठी तळमळले ते मंचावरून दोनदा पुकारलं गेलं होतं, वर्गणी न देता.

“अरे हेमराज!” लटारूभाऊंनी पाठीवर थाप मारली. “एवढ्या मोठ्या मंचावरून नाव घेतलं ना बे तुह्यं! वा! टाळ्या वाजवा!”

चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या आणि मग त्याही थांबल्या. पोलीस पाटील घसा खाकरून म्हणाले, “आभारप्रदर्शन राह्यलं.” बोलायला दुसरं काही सुचलं नव्हतं म्हणून ते बोलले असावेत.

“ते मी करतो,” असं म्हणायला हेमराजभाऊ उठले, पण त्यांच्या आधी कमळाबाई पुढं आल्या. नऊ खुर्च्यांच्या मधून, तुटलेल्या फितीवरून, त्या टीव्हीसमोर येऊन उभ्या राहिल्या. आजवर त्या पाच माणसांपुढं बोलल्या नव्हत्या.

“लटारूभाऊचे आभार,” त्या म्हणाल्या. “त्यायनं पोरींच्या शिक्षणावर बोलून दिलं. डेअरीवाल्या भाऊचे आभार. पाटील भाऊचे, तंटामुक्तीवाल्या भाऊचे आभार, दोघायचे बरोबर. नागसेनभाऊचे आभार, ते दोनदा बोलले, कोणी आयकलं नाई.” त्या थांबल्या. “माह्या पोरीचे आभार. तिनं एवढ्या लोकांत फक्त मान हालवली. तिनं सांगितलं नाई की माहे मायबाप घरी टीव्हीचं उद्घाटन करून राह्यले.”

लटारूभाऊंनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. एकेक करून माणसं उठली, चपला शोधू लागली, आणि बैठक रिकामी झाली.

तेवढ्यात दिव्यानीचा फोन आला. हेमराजभाऊंनी तो उचलून कानाला लावला, आणि तसाच बायकोच्या हातात दिला.

“आई, दिसलं काय?”

“दिसलं बाई,” कमळाबाई म्हणाल्या. “सगळं दिसलं. मी उद्याच्या गाडीनं येऊन राह्यली.”

“अवो, एकटी?”

“एकटी.”

त्यांनी फोन ठेवला आणि आत जाऊन पिशवी भरायला घेतली. हेमराजभाऊ दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. चाळीस इंचांवर काळा पडदा होता आणि पंखा तेवढा घरघरत होता.

“मी बी येऊ काय?” त्यांनी विचारलं.

कमळाबाईंनी मान वर केली नाही. पोरीसाठी करंज्यांचा डबा त्या पिशवीत तळाशी नीट बसवत होत्या.

“बलावलं तेव्हा आले नाई ना तुमी,” त्या म्हणाल्या. “दोनदा बलावलं.”